ऑक्झिंडन : एका विरळ इंग्रजी आडनांवाचें मूळ व प्रसार

शिवकालीन इंग्रजी पत्रव्यवहार ज्यांनीं थोडाबहुत चाळला आहे त्यांस ऑक्झिंडन हें आडनांव अपरिचित नाहीं. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर जो राज्याभिषेक झाला त्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन गडावर हजर होता, व त्याची हकीकत त्या समारंभाच्या मोजक्या समकालीन साधनांपैकीं एक आहे. सिंहासनाच्या दोहों बाजूंस मुलामा दिलेल्या भाल्यांवर उजवीकडे मोठ्या दांतांच्या दोन सोनेरी मत्स्यांचीं मस्तकें, डावीकडे घोड्यांचीं शेंपटें आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोंकास सोन्याचा तराजू होता, हा तपशील आपण सर्व त्याच्याच लेखणीवरून सांगत आलों आहों. परंतु हा हेन्री कोणत्या गांवचा, त्याच आडनांवाचे जे दुसरे इंग्रज आपल्या कागदांत भेटतात त्यांचा व याचा संबंध काय, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. आडनांव एक असलें कीं घराणें एक, आणि घराणें एक असलें कीं रक्त एक, असें आपण सहज धरून चालतों. या एका विरळ आडनांवापुरतें पाहिलें तरी हीं गृहीतें किती ठिकाणीं दगा देतात हें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें स्वतःच्याच एका चुकीमुळें. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां इतिहासाचे तासही अधूनमधून आमच्याकडे येत. सुरतेच्या पहिल्या लुटीच्या प्रसंगीं इंग्रजांची वखार राखणारा ऑक्झिंडन आणि दहा वर्षांनीं रायगडावर नजराणा घेऊन आलेला ऑक्झिंडन हे एकच, असें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस सांगत होतों. इतकेंच नव्हे, तर गणेशोत्सवांतील एका व्याख्यानांत या ऐक्यावर आम्हीं एक मोठें सुरेख चित्र उभें केलें. ज्यानें महाराजांच्या निरोपास ताठ उत्तर दिलें, त्यासच कालगतीनें महाराजांपुढें मान लवविण्यास आणून उभें केलें, वगैरे. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. सभा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि अत्यंत सौम्य स्वरांत म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचा ऑक्झिंडन शके १५९१ मध्यें वारला. मग पांच वर्षांनीं गड कोण चढलें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं येऊन पुस्तकें उघडलीं, तों त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें.

सुरतेचा तो सर जॉर्ज ऑक्झिंडन. त्याचा जन्म इ.स. १६२० चा, इंग्लंडच्या आग्नेय टोंकास असलेल्या केंट परगण्यांत विंगहॅम गांवाजवळील डीन येथील सर जेम्स ऑक्झिंडन याचा तो मुलगा. तरुणपणींच तो हिंदुस्थानांत आला, १६६१ सालीं त्यास सरदारकी मिळाली व पुढच्या वर्षीं सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष म्हणून तो परत आला. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हां शहरचा सुभेदार इनायतखान किल्ल्यांत जाऊन बसला आणि इंग्रज व डच यांनीं आपापल्या वखारी राखल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. औरंगजेबानें त्याबद्दल इंग्रजांस जकातींत सूट दिली. येथें नवख्या वाचकास एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतों. त्या काळीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला पालटत असे. त्यामुळें याच जानेवारीचे कागद मुळांत १६६३ च्या सालाखालीं पडलेले असतात. शिवाय त्यांच्या तारखा जुन्या पद्धतीच्या, म्हणजे दहा दिवस मागें, असतात. राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख नव्या पद्धतीनें १६ जून होते. हें ध्यानांत न ठेवल्यास एका माणसाचे दोन होतात व दोहोंचा एक होतो. १६६८ मध्यें मुंबई बेट कंपनीच्या ताब्यांत आलें तेव्हां कंपनीच्या वतीनें मुंबईचा पहिला गव्हर्नर सर जॉर्जच झाला. १४ जुलै १६६९ रोजीं तो सुरतेस मरण पावला.

सुरतेच्या जुन्या इंग्रजी स्मशानांत त्याचें थडगें आहे व तें आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. थडगें म्हणण्यापेक्षां त्यास रौजा म्हणणेंच शोभेल, कारण घुमट, कमानी व दुमजली बांधणी हीं सारीं मोंगली थाटाचीं आहेत. याच इमारतींत सर जॉर्जचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर यासही पुरलें आहे. तो १६५९ सालीं, म्हणजे भावाच्या दहा वर्षें आधीं वारला. दोघां भावांचा परस्परांवर लोभ फार, म्हणून मरणानंतरही त्यांस वेगळें केलें नाहीं, असा भाव लॅटिन लेखांत आहे. ख्रिस्तोफरच्या लेखाची मौज अशी कीं तो व्यापाऱ्याच्या खतावणीच्या भाषेंत रचिला आहे; आयुष्याचा जमाखर्च, मृत्यूनें एकाएकीं मागितलेला हिशेब, शेवटीं नफा कोणाचा व तोटा कोणाचा, अशा धर्तीचा. आमच्या मतें वखारींतील माणसाचें इतकें समर्पक स्मरण क्वचितच कोणी लिहिलें असेल.

तेव्हां रायगडावर गेला तो सर जॉर्ज नव्हे. मुंबईचा पुढील गव्हर्नर जेराल्ड आँजियर यानें पाठविलेला हेन्री हा त्याच घराण्यांतील निराळा पुरुष. नारायण शेणवी हा त्याचा दुभाषा, निराजी पंडित हा दरबारांतील मध्यस्थ, आणि १२ जून रोजीं तहाची कलमें पुरीं झालीं. गडावरील त्याच्या मुक्कामांत एक म्हातारा खाटीक, एवढें मांस खाणारे लोक आहेत तरी कोण हें पहावयास मुद्दाम वर चढून आला, ही गंमतही त्याच वकिलातीच्या वृत्तांतांतली. हेन्रीस सुरतेच्या झुंजीचा नायक समजण्यानें आमच्या व्याख्यानास रंग चढला हें खरें, पण त्यापायीं या वकिलातीचा मूळ हेतूच झांकला गेला. तो कांहीं पूर्वीचें वैर मिटवावयास आलेला योद्धा नव्हता; राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई व व्यापाराच्या सवलती मिळविण्यास पाठविलेला कंपनीचा नोकर होता.

चुकीचें कारण आडनांव होतें, म्हणून आम्ही आडनांवाच्याच मागें लागलों.

केंट परगण्यांत विंगहॅमच्या दक्षिणेस नॉनिंग्टन म्हणून गांव आहे. त्या गांवच्या हद्दींतील ऑक्झिंडन नांवाच्या जागेवरून हें आडनांव पडलें. जागेच्या नांवाचा पूर्वार्ध जुन्या इंग्रजींतील 'ऑक्सा' म्हणजे बैल या शब्दाचें षष्ठीचें अनेकवचन 'ऑक्स्ना', म्हणजे 'बैलांची', असा आहे. संस्कृतज्ञ वाचकास येथें थांबल्याशिवाय राहवणार नाहीं. हा शब्द म्हणजे आपला 'उक्षन्' होय. अमरानें बैलाच्या पर्यायांत सांगितलेला 'उक्षा' तो हाच. केवळ धातूचें साम्य नव्हे, तर नकारान्त प्रातिपदिकाची घडणच दोहोंकडे टिकली आहे. संस्कृतांत षष्ठी अनेकवचनीं 'उक्ष्णाम्', जुन्या इंग्रजींत 'ऑक्स्ना'. आजच्या इंग्रजींत बहुतेक नामांचें अनेकवचन सकार लावून होतें, परंतु बैल या शब्दानें आपला नकार अजून सोडलेला नाहीं. 'ऑक्स'चें अनेकवचन 'ऑक्सेन'च. शाळेंत हा अपवाद म्हणून पाठ करविला जातो. तो अपवाद नसून तीन सहस्र वर्षांच्या जुन्या विभक्तिप्रक्रियेचा अवशेष आहे, हें आम्हीं मुलांस सांगितलें असतें तर त्यांचें पाठांतर तरी हलकें झालें असतें.

उत्तरार्धाविषयीं दोन पक्ष संभवतात. केंटच्या दाट रानांत 'डेन' म्हणजे डुकरें चारण्याची जागा. त्या भागांतील कितीतरी गांवांचीं नांवें याच शब्दानें संपतात. दुसरा शब्द 'डेनु', म्हणजे दरी. नॉनिंग्टन हें त्या रानाच्या बाहेर, खडूच्या उघड्या टेकड्यांच्या मुलुखांत आहे; शिवाय पूर्वपद बैलांचें असतां उत्तरपद डुकरांचें घेणें विसंगत दिसतें. म्हणून 'बैलांची दरी' हाच अर्थ आम्हांस ग्राह्य वाटतो. खुद्द घराण्याचीही आपल्या नांवांतील बैलाविषयीं खात्री होती. त्यांच्या ढालीवर रुपेरी भूमीवर तांबड्या कोनपट्ट्याभोंवतीं तीन काळे बैल आहेत, आणि विंगहॅमच्या देवळांत १६८२ सालचें त्या घराण्याचें जें स्मारक आहे त्याच्या कोपऱ्यांवर काळ्या बैलांचीं मस्तकें कोरलीं आहेत.

गांवावरून आडनांव पडण्याची रीत आपणांस निराळी समजावून सांगावयास नको. मात्र तिचा एक नियम आपण विसरतों. चिपळुणांत राहणाऱ्यास कोणी चिपळूणकर म्हणत नाहीं. तो चिपळूण सोडून पुण्यास आला म्हणजे चिपळूणकर होतो. आणि एकाच गांवांतून निघालेल्या दोन असंबद्ध कुळांस तेंच नांव मिळूं शकतें. इंग्लंडांतही हेंच घडलें. कँटरबरी येथील ख्रिस्तमठाचा १३३१ पासून १३३८ पर्यंतचा मठाधिपति रिचर्ड ऑक्झिंडन या नांवाचा होता. त्याच्या कारकीर्दींत १३३६ सालीं बसविलेली संत अँसेल्मच्या उपमंदिराची मोठी खिडकी अद्याप पहावयास मिळते. घराण्याच्या वंशावळींत मूळ पुरुष म्हणून सॉलोमन ऑक्झिंडन हा तिसऱ्या एडवर्डच्या राज्यांतील मनुष्य दाखविलेला असतो, आणि वंशावळकारांनीं मठाधिपति रिचर्ड यासही त्याच कुळांत गोंविलें आहे. पण त्या काळीं संन्यास घेणाऱ्याच्या मागें त्याच्या जन्मगांवाचें नांव लागत असे. रिचर्डच्या पूर्वींचा मठाधिपति ईस्ट्रीचा हेन्री म्हणून ओळखला जातो, तो ईस्ट्री गांवावरून. तेव्हां रिचर्ड हा ऑक्झिंडनहून आलेला साधु होता एवढें त्याचें नांव सांगतें. तो सॉलोमनचा कोणी होता हें सांगत नाहीं. वंशावळ लिहिणाऱ्यास घरांत एखादा मोठा मठाधिपति असणें आवडतें, हें आमच्याकडील कुलवृत्तान्तांच्या अनुभवावरून आपणांस ठाऊकच आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत घराणें विंगहॅमजवळील डीन येथें स्थिरावलेलें दिसतें. १६२० मध्यें वारलेल्या सर हेन्रीच्या दोन मुलांपासून आपणांस कामाच्या दोन शाखा निघाल्या. थोरला सर जेम्स डीन येथें राहिला. त्याचाच मुलगा सुरतेचा जॉर्ज, आणि जॉर्जचा वडील भाऊ हेन्री हा १६७८ सालीं बॅरोनेट झाला. धाकटा रिचर्ड जवळच बारहॅम येथें मेडीकन नांवाच्या वाड्यांत राहिला. त्याचाही मुलगा हेन्रीच. आजा हेन्री, दोन चुलतभाऊ हेन्री आणि रायगडचा हेन्री, असे चार हेन्री शंभर वर्षांच्या आंत भेटतात. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल त्यांसही होती, हें येथें इतिहासकारास महाग पडतें.

यांपैकीं बारहॅमचा हेन्री (१६०८-१६७०) आमच्या संग्राहक वाचकांस विशेष प्रिय होण्याजोगा आहे. तो कोणी सेनापति नव्हे कीं मुत्सद्दी नव्हे. लॅटिन पद्यें रचणारा, कागदाचा तुकडाही न टाकणारा, पुस्तकें जमविणारा एक गांवढ्या जमीनदार. त्याचीं व त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांचीं पत्रें मोठ्या संख्येनें टिकलीं, आणि डोरोथी गार्डिनर या विदुषीनें त्यांतून निवडून १९३३ व १९३७ सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. शेतीची कर्जें, सोयरीक, मुलांची शाळा, यादवी युद्धांत कोणाच्या बाजूनें जावें याची घालमेल, सारें त्यांत आहे. पहिली पत्नी वारल्यावर त्यानें आपल्या पालकत्वाखालीं असलेल्या कॅथरिन कलिंग या एका साध्या शेतकऱ्याच्या मुलीशीं १६४२ त लग्न केलें. कुलीनता जन्मानें कीं गुणानें हा वाद त्यानें त्या निमित्तानें ज्या कळकळीनें केला आहे तो आमच्याकडील एखाद्या सुधारकाचा वाटावा. अखेरीस कर्जापायीं मेडीकन विकावें लागलें, आणि उतारवयांत त्यानें बकिंगहॅमशरमधील रॅडनेज येथें धर्माधिकाऱ्याची वृत्ति पत्करली. मात्र त्याच्या टिपणवहीनें त्यास अमर केलें. तींत आपल्या संग्रहांतील १२२ छापील नाटकांची यादी त्यानें करून ठेविली आहे. ती वही आज वॉशिंग्टन येथील फोल्जर ग्रंथालयांत आहे व ही यादी १९३५ मध्यें जाइल्स डॉसन यानें प्रसिद्ध केली. ज्या काळीं विद्वान लोक नाटकांचीं सुटीं पुस्तकें रद्दींत घालीत, त्या काळीं एका खेड्यांतल्या माणसानें त्यांची यादी करावी, आणि तीन शतकांनीं पंडितांनीं तीवर लेख लिहावे! त्याच्या पुस्तकांचा एक भाग वंशजांच्या हातून एल्हॅम गांवच्या ग्रंथसंग्रहांत आला व आतां कँटरबरीच्या मुख्य मंदिराच्या ग्रंथालयांत आहे. सुरतेच्या सर जॉर्जचेही कागद ब्रिटिश लायब्ररींत आहेत. म्हणजे एकाच कुळाच्या दोन शाखांचीं दफ्तरें टिकलीं. एकांत केंटची शेतजमीन, दुसऱ्यांत सुरतेचा बाजार.

आतां लेखनाचा प्रश्न. बारहॅमच्या पत्रांच्या संपादिकेनें 'ऑक्झिंडन' असा इकार ठेविला आहे. इंग्रजांच्या राष्ट्रीय चरित्रकोशांत 'ऑक्झेंडन' असा एकार आहे. मराठींत ऑक्झिंडेन, ऑक्सेंडेन, ऑक्झेंडन असे अनेक प्रकार छापलेले आढळतात. इकाराची शाखा निराळी, एकाराची निराळी, असें कोणी मानूं नये. सतराव्या शतकांत इंग्रज आपल्याच नांवाचें लेखन एकसारखें करीत नसे. लंडनमध्यें पिकॅडिलीच्या जवळ 'ऑक्झेंडन स्ट्रीट' म्हणून लहानशी गल्ली आहे. तिच्या शेवटच्या अक्षरीं आज ओकार लिहितात. नॉर्थॅम्प्टनशर परगण्यांत त्याच लेखनाचें 'ग्रेट ऑक्झेंडन' गांव आहे, तेव्हां गल्लीचें नांव त्या गांवावरून पडलें असें कोणासही वाटेल. पण गांवाच्या नांवांत उत्तरपद 'डून' म्हणजे टेकडी आहे. आणि गल्लीचा त्या गांवाशीं संबंध नाहीं. डीनच्या सर हेन्रीनें रॉबर्ट बेकर या लंडनच्या धनिक शिंप्याची मुलगी केली, त्या बेकरच्या जमिनीवर ती गल्ली वसली, म्हणून तिला जांवयाचें नांव. हाच बेकर विणकामाच्या 'पिकॅडिल' नांवाच्या गळपट्ट्या विकून श्रीमंत झाला व त्याच्या घरावरून पिकॅडिली हें नांव पडलें. दरींतून निघालेलें नांव लंडनांत येऊन टेकडीच्या वेषांत उभें आहे.

येथवर नांव एक असून माणसें निराळीं कशीं, हें पाहिलें. याच्या उलट प्रकार आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आडनांवाच्या सूचीवर विसंबणाऱ्या संशोधकास तो दिसतच नाहीं. ऑक्टोबर १६७० मध्यें सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. त्या वेळीं इंग्रजांची वखार राखली ती स्ट्रेन्शॅम मास्टर यानें. हा पुढें १६७८ ते १६८१ मद्रासचा गव्हर्नर होता व त्याच्या रोजनिशा १९११ सालीं छापल्या गेल्या. सूचींत त्याचें नांव मकारांत येतें आणि ऑक्झिंडन या शब्दाशीं त्याचा कांहींएक संबंध दिसत नाहीं. पण त्याची आई ॲन ही डीनच्या सर जेम्सची मुलगी, सर जॉर्जची सख्खी बहीण. मामानेंच त्यास १६५६ मध्यें, पंधरा-सोळा वर्षांचा असतां, सुरतेस आणिलें. म्हणजे सुरतेच्या दोन्ही लुटींत इंग्रजी वखारीच्या दारांत एकाच घरचें रक्त उभें होतें, पहिल्यांदां मामा व दुसऱ्यांदां भाचा. आमच्या व्याख्यानास जें नाट्य हवें होतें तें कागदांत खरोखरीच होतें. आम्ही तें आडनांवांत शोधलें, तें होतें मुलीच्या वंशांत. मराठी घराण्यांचे इतिहास लिहितांनाही माहेरची बाजू आपण किती वेळां पाहतों?

आडनांव विरळ राहण्याचें कारण उघड आहे. एका लहानशा जागेवरून तें निघालें, पुरुषशाखा मोजक्या, धाकटे मुलगे धर्मखात्यांत किंवा समुद्रापार. केंटबाहेर त्याचा फैलाव फारसा झालाच नाहीं. पूर्व केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे हें गांव एकोणिसाव्या शतकांत समुद्रस्नानासाठीं वसलें, तेव्हां पहिल्या देवळास जमीन देणारा सर हेन्री ऑक्झेंडन होता. ते देऊळ १८३४ सालीं उघडलें. बारहॅमजवळचा ब्रूम पार्क हा डिक्सवेल घराण्याचा वाडा १७५० नंतर सोयरिकीनें ऑक्झेंडनांकडे आला, व त्यासाठीं एकानें डिक्सवेल हें नांवही घेतलें. संपत्तीसाठीं नांव बदलणें हें इंग्लंडांत दत्तकासारखेंच मान्य होतें. त्या वाड्यांत १८०८ सालीं जन्मलेला ॲश्टन ऑक्झेंडन हा १८६९ ते १८७८ कॅनडांतील माँट्रिएलचा बिशप होता. १९११ मध्यें तो वाडा लॉर्ड किचनरनें विकत घेतला, जो थोड्याच वर्षांपूर्वीं हिंदुस्थानचा सरसेनापति होता. १९२४ सालीं दहावा बॅरोनेट वारला आणि १६७८ ची बॅरोनेटकी संपली.

येथें हा इतिहास संपला असें म्हणतां आलें असतें, जर नांव व घराणें एकच असतें. पण आज या आडनांवाचे सर्वांत अधिक लोक केंटमध्यें नाहींत. ते अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यांत, रोबसन काउंटींत आहेत, आणि ते गोरे इंग्रज नाहींत. तेथें लंबी नांवाचा मूळनिवासी समाज आहे. लॉकलियर, लाउरी, चेव्हिस यांच्याबरोबर 'ऑक्सेंडाइन' हें त्या समाजांतील मुख्य आडनांवांपैकीं एक होय. वंशसंशोधकांनीं त्याचा माग सतराव्या शतकाच्या अखेरच्या व्हर्जिनियापर्यंत, नॉर्थंबरलंड काउंटींतील जॉन ऑक्सेंडाइन या मिश्रवंशीय मजुरापर्यंत नेला आहे. त्या मुलुखांत नांवें अनेक वाटांनीं चिकटत. कोणास बापाचें, कोणास आईचें, कोणास धन्याचें. केवळ नांवाच्या सारखेपणावरून रोबसनच्या ऑक्सेंडाइनांस डीनच्या बॅरोनेटांचे दायाद ठरविणें म्हणजे मठाधिपति रिचर्डच्या बाबतींत झालेली चूकच पुन्हां करणें होय. या लोकांनीं त्या नांवास स्वतःचा इतिहास दिला आहे, व तो केंटच्या इतिहासाहून हलका नाहीं. दंड भरूं न शकणाऱ्या स्वतंत्र अश्वेत माणसास मजुरीवर भाड्यानें द्यावें असा कायदा त्या राज्यांत होता. त्याविरुद्ध चार्लस ऑक्सेंडाइन याचा खटला १८३७ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापुढें आला. यादवी युद्धाच्या धामधुमींत हेन्री बेरी लाउरी याची जी टोळी उभी राहिली, जिला सरकार दरोडेखोर म्हणे व तिचे लोक अद्याप वीर म्हणतात, तींतील हेंडरसन ऑक्सेंडाइन यास १८७१ च्या मार्चमध्यें लंबर्टन येथें फांशीं दिलें. पुढें त्याच आडनांवाचा हेन्री वॉर्ड ऑक्सेंडाइन हा १९७३ सालीं त्या राज्याच्या विधिमंडळांत बसलेला पहिला मूळनिवासी सभासद झाला. पेंब्रोक येथें या समाजाच्या शिक्षकांसाठीं १८८७ मध्यें निघालेली शाळा वाढत वाढत विद्यापीठ झाली, व तिच्या प्रमुखपदीं जोसेफ ऑक्सेंडाइन होते. येथेंही एक हेन्री भेटलाच. पण यास आमच्या चार हेन्रींत मोजूं नये.

आमच्या दफ्तरांपुरतें एवढें करावें. इंग्रजी कागदांत ऑक्झिंडन दिसला कीं आधीं साल पहावें. एप्रिल १६५९ पूर्वीं असल्यास ख्रिस्तोफरही संभवतो, १६६२ पासून जुलै १६६९ पर्यंत सुरतेचा अध्यक्ष असेल तर सर जॉर्ज, आणि १६७४ च्या रायगडाचा असेल तर हेन्री. जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या तारखांस एक वर्ष मिळवून मगच ही परीक्षा करावी. मराठी मजकुरांत हें नांव शोधतांना मात्र शुद्ध रूपाची अपेक्षा धरूं नये. नारायण शेणवी व निराजी पंडित यांचीं नांवें इंग्रज लेखकांनीं जशीं कानांनीं ऐकलीं तशीं वेडींवांकडीं लिहिलीं; आमच्या कारकुनांनींही परक्या नांवांशीं तोच व्यवहार केला. आरंभीं ओ, अ अथवा उ, पुढें कस, गज किंवा क्ष, आणि शेवटीं दन, दीन अथवा डन, अशी कोणतीही जुळणी मोडींत संभवते. ज्या संग्राहकांच्या रुमालांत शके १५८० ते १६०० च्या दरम्यानचे टोपीकरांसंबंधीं कागद असतील, त्यांनीं या जुळणींवर नजर ठेवून ते एकवार वाचावे, आणि असें नांव आढळल्यास मूळ कागदाची नक्कल, आमचें वाचन गृहीत न धरितां, मंडळाकडे पाठवावी.